टिपक्याला टिपका

विमान म्हटलं की लोक वर बघतात. मी आठ वर्षं विमानाच्या नाकासमोर उभं राहून काढली, मला वर बघायला कधी फुरसत झाली नाही. गावात अजून कुणीतरी विचारतं, "काय रं, किती उंच जाऊन आला?" मी म्हणतो, "स्टुलावर चढलो होतो, साडेतीन फूट." ते हसतात. पूर्वी मलाही हसू यायचं.

करमाडच्या पुढं जालना रोड सोडून आत दोन-अडीच किलोमीटर गेलं की एक खाजगी धावपट्टी होती. धावपट्टी म्हणजे डांबराचा एक लांब पट्टा, दोन्ही बाजूंना मका-तुरीची रानं, टोकाला पत्र्याचं हँगर आणि वारा कुठला आहे ते दाखवणारी एक फाटकी कापडी पिशवी. मालक शहरातले कारखानदार. त्यांनी हौशी लोकांना उडायला शिकवायचा उद्योग काढला होता. विमानं दोन. एक नवं, बटण दाबलं की सुरू. दुसरं जुनं, कापडी अंगाचं, दोघांपुरतं, त्याला ना बॅटरी ना स्टार्टर. ते हातानं फिरवून सुरू करावं लागायचं, पूर्वी ट्रकला हँडल मारायचे तसं. फरक एवढाच की हँडल मारणारा ट्रकसमोर चुकून डुलला तर ट्रक त्याला कापत नाही.

ते सुरू करायचं काम उस्तादांचं. उस्ताद म्हणजे आमचे मोठे मेकॅनिक, साठी ओलांडलेले. मूळ वैजापूरकडचे, घरी कापूस-कांद्याची शेती, पण मातीत मन नाही म्हणून तरुणपणीच बाहेर पडलेले. आधी मोटारी, मग पाण्याचे पंप, मग कुठल्यातरी जुन्या उड्डाण संस्थेत विमानं, आणि शेवटी आमच्याकडं. बुटके, रुंद, गळ्यात मळका रुमाल. शाळा चौथीपर्यंत. पण इंजिन सुरू झालं की डोळे मिटून सांगायचे, तिसऱ्या सिलिंडरचा प्लग बघ रं. तिसऱ्याचाच निघायचा.

मी करमाडचा. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आम्ही बौद्ध. वडील शाळेत शिपाई होते. उस्तादांनी पहिल्याच दुपारी माझ्या डब्यातली भाकर न विचारता मोडून घेतली. ते कुणाच्या घरातले, मी कुणाच्या घरातला, दोघांनाही ठाऊक होतं. संध्याकाळी मी वडलांना ते सांगितलं. ते म्हणाले, "त्या माणसाला जप."

कसा जपला, ते सांगायलाच बसलोय.

आधी पंख्याचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पुस्तकात त्याला प्रोपेलर म्हणतात, आम्ही पंखाच म्हणायचो. दोन पात्यांचा लाकडी पंखा इंजिनाच्या नाकावरच्या चकतीवर आठ बोल्टांनी बसतो. भोकं आठ, पाती दोन, म्हणजे तो चार निरनिराळ्या जागी बसवता येतो. आमच्या त्या इंजिनाला चारही सारख्याच. फरक पडतो तो हात घालणाऱ्याला. पंखा हळूहळू फिरवला की एका जागी येऊन अडतो. आत दट्ट्या हवा दाबत असतो, ते कॉम्प्रेशन. तिथूनच खाली झटका द्यायचा असतो. पातं त्याआधीच वर कुठं सोडलेलं असेल, तर ठिणगीचा स्विच मागण्याआधी ते तिथवर खाली घ्यायचं असतं. तो अडतो त्या क्षणी पातं किती उंचीवर उभं आहे, हे तुम्ही कुठलं भोक धरलं त्यावर ठरतं. समोरून घड्याळाच्या काट्यांसारखं बघायचं. आमच्या पुस्तकात लिहिलेलं होतं, अकरा आणि पाच. उस्ताद बसवायचे साडेनऊ आणि साडेतीनवर. एक भोक खाली.

चुकू नये म्हणून त्यांनी चकतीवर लाल नेलपॉलिशचा एक टिपका दिला होता, आणि पंख्याच्या बुडाला दुसरा. पंखा काढायची वेळ आली की म्हणायचे, "टिपक्याला टिपका. बाकी काय बी विचारू नको."

मला विचारायची खोड आहे. मी म्हणालो, "पण उस्ताद, पुस्तकात अकरा दिलंय."

"पुस्तक लिव्हणारा हितं येऊन पंखा मारतो का?"

"तसं नाही, पण कारण काय?"

"कारण मी सांगतोय."

एवढंच. मला ते लागलं. उस्तादांचा राग नाही आला, पण हे असं तोंडी, कारणाशिवाय, मी सांगतोय म्हणून, हे मला कधीच पचलं नाही. त्याला वडील जबाबदार. ते म्हणायचे, आपल्या लोकांना तोंडी शब्दानंच बुडवलंय. मजुरी तोंडी, वाटा तोंडी, वायदे तोंडी. कागदावर असेल तेवढंच आपलं, तेवढंच धर. आमच्या घरात माझी विमानाच्या मेकॅनिकच्या लायसनच्या परीक्षेची जाडजूड इंग्रजी पुस्तकं खाकी कव्हर घालून बुद्धाच्या तसबिरीखाली ठेवलेली असायची, आणि आई रोज त्यांच्यावरची धूळ झटकायची. मी पेपर एकेक करून पास होत होतो. सत्ताविसाव्या वर्षी लायसन हातात येणार होतं. आमच्या घराण्यात असा कागद कुणी पाहिला नव्हता. माझ्यासाठी पुस्तकातला अकरा म्हणजे अकराच होता, त्यात साडेनऊ बसत नव्हतं.

त्या वर्षी पंखा वॉर्निशला आणि तोल बघायला बाहेर पाठवला. तो परत आला आणि नेमके त्याच दोन दिवसांत उस्ताद गावाकडं भाचीच्या लग्नाला गेलेले. दोन आठवड्यांनी सरकारी तपासणी लागणार होती, आणि मालकांना पंखा लगेच बसवून हवा होता. मी एकटाच होतो. पंख्यावरचा टिपका वॉर्निशआधी घासताना निघून गेला होता. चकतीवरचा मात्र होता, लालभडक.

मी तो बघितला. हे लिहिताना दुसरं काही लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. बघितला, कुणाचा आहे ते माहीत होतं, कशासाठी आहे तेही माहीत होतं. टिपक्यावरून साडेनऊची जागा काढायला दोन मिनिटं लागली असती. पण मनात आलं, तपासणीवाले विचारतील, ही नेलपॉलिश कसली? आणि मी काय सांगू, आमचे उस्ताद असंच बसवतात? मी फडकं थिनरमध्ये बुडवलं आणि टिपका पुसला. पुसताना मला बरं वाटलं. गचाळ काम स्वच्छ केल्यासारखं वाटलं.

पंखा अकरावर बसवला. बोल्ट मोजून आवळले, ते सुटू नयेत म्हणून तार बांधली, लॉगबुकात सही केली: पुस्तकातल्या सूचनेप्रमाणे बसवला. मग स्विच बंद ठेवून हातानं चार वेळा फिरवून पाहिला. छान अडत होता, हात सहज पोचत होता. पोचणारच. मी घराच्या दारातून वाकून आत जाणारा माणूस. मी माझ्या उंचीनं तपासलं आणि काम पास केलं. उंटावरचा शहाणा म्हणतात ना, तो मी.

उस्तादांना सकाळी सांगायचं असं ठरवलं होतं. देवाशपथ म्हणायची आमच्यात पद्धत नाही, पण खरंच ठरवलं होतं. त्याच्या मागं दुसरंही होतं. सांगितलं तर ते म्हणणार, काढ परत. तार तोडा, बोल्ट काढा, लॉगबुकात खाडाखोड करा. म्हणून मी म्हटलं, आधी एकदा मारू द्या त्यांना, सुरू झालं की सांगू, बघा उस्ताद, अकरावर पण होतंय की.

सकाळी उस्ताद वैजापूरहून पहाटेच्या गाडीनं थेट आले. उशीर झालेला. उडायला शिकायला आलेले दोघंजण, त्यांच्या घरचे मोबाइल धरून उभे, मालक घड्याळ बघतायत. शिकवणारे कॅप्टन आत बसलेले. रोजच्या रिवाजाप्रमाणे स्विच बंद असताना पंखा चार-पाच वेळा फिरवून पेट्रोल आत ओढायचं काम माझं. मी फिरवलं, कॉम्प्रेशनवर आणून सोडलं आणि मागं शेपटीकडं गेलो, शेपटी धरायला. जाताना उस्ताद समोरून आले. रुमाल गळ्याभोवती खोचत होते. मला म्हणाले, "लग्नात बुंदी लई चांगली होती. तुला आणलीय." मी म्हणालो, "बरं." तेवढ्यात सांगता आलं असतं. एक वाक्य होतं.

"स्विच?" उस्ताद ओरडले.

"ऑन," कॅप्टन म्हणाले.

स्विच ऑन झाल्यावर पंख्याशी खेळायचं नसतं. इंजिन कधीही सुरू होऊ शकतं. उस्तादांनी हात वर केले. पातं त्यांच्या रोजच्या जागी नव्हतं, वर होतं. शेपटीकडून मला त्यांचे फक्त पाय दिसत होते. ते पाय टाचांवरून उचलले गेले आणि चवड्यांवर आले. ते आठ वर्षांत मी कधी बघितलं नव्हतं. उस्ताद कायम पाय रोवून, मागं झुकून झटका द्यायचे, झटक्याबरोबर दोन पावलं मागं. त्या दिवशी चवड्यांवर उभं राहून ओढलं, आणि माणूस चवड्यांवर असला की मागं जात नाही, पुढं जातो. इंजिन पहिल्याच झटक्याला पेटलं.

आवाज बदलला. पंखा कशालातरी लागला की इंजिनाचा आवाज एक क्षण बसतो. मी उस्तादांसारखा डोळे मिटून नव्हतो, पण मला कळलं.

उजवा हात कोपराच्या खाली गेला. जीव वाचला, तो त्यांच्याच गळ्यातल्या रुमालानं. तो मी घट्ट बांधला आणि मालकांच्या गाडीत त्यांचं डोकं मांडीवर घेऊन शहरात नेलं. गाडीत ते शुद्धीवर होते. रडले नाहीत. एकच वाक्य बोलत होते. "पातं वर राह्यलं रं. खाली घ्यायला विसरलो मी. विसरलो."

मी म्हणालो, "बोलू नका उस्ताद."

खांद्याचं मला दवाखान्यात कळलं. डॉक्टरांनी काकूंना, म्हणजे उस्तादांच्या बायकोला, विचारलं की या खांद्याला आधी काही झालं होतं का. काकू म्हणाल्या, दहा-बारा वर्षं झाली, शिडीवरनं पडले होते, तेव्हापासून उजवा हात कानाच्या वर जात नाही. कुणाला सांगू नको म्हणाले होते, खांदा गेलाय कळलं तर घरी बसवतील. मी भिंतीला टेकून ऐकत होतो. शर्ट घालताना ते आधी उजवी बाही चढवायचे. फळीवरचा डबा डाव्या हातानं काढायचे. आठ वर्षं रोज समोर होतं. साडेनऊ म्हणजे त्यांच्या खांद्याची हद्द होती, आणि ती मी फडक्यानं पुसली होती.

चौकशीला दोन साहेब आले. त्यांनी लॉगबुक बघितलं, पंख्याचे तुकडे बघितले, बोल्ट मोजले. मोठे साहेब माझ्याकडं बघून म्हणाले, "काम स्वच्छ आहे." मग विचारलं, "पंखा नव्यानं बसवल्यावर काही वेगळं जाणवलं?"

मी म्हणालो, "पुस्तकाप्रमाणे बसवला होता सर."

एक शब्द खोटा नव्हता त्यात. अहवालात आलं की पंखा योग्य जागी होता, आणि हातानं सुरू करणाऱ्याचं वय व उभं राहण्याची चुकीची पद्धत यामुळं अपघात झाला. मालकांनी जुनं विमान ताडपत्रीखाली टाकलं आणि हातानं सुरू करणं बंद करून टाकलं. बैल गेला अन् झोपा केला. चार महिन्यांनी मला लायसन मिळालं. वडलांनी ते शाळेतल्या सगळ्या शिक्षकांना दाखवलं. मी वडलांना काही सांगितलं नाही. मी भ्यालो होतो, सरळ सांगतो. लायसन जाईल म्हणून भ्यालो, आणि त्याहून जास्त वडलांच्या तोंडाकडं बघायला भ्यालो.

उस्ताद चिकलठाण्यात राहायचे, जुन्या वसाहतीतल्या दोन खोल्यांत. मी महिन्यातून एकदा जायचो. डझनभर केळी घेऊन. केळी अशासाठी की एका हातानं सोलता येतात, एवढी अक्कल मला होती. जायचो, बसायचो, चहा प्यायचो, यायचो. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणजे काय ते मी चौदा महिने केलं.

हात गेला त्याचं उस्तादांनी फार मनावर घेतलं नव्हतं, हे मला पहिल्या दोन-तीन खेपांतच कळलं. डाव्या हातानं दाढी करायला शिकले, शर्टाची बटणं लावायला शिकले. ते खंगले दुसऱ्याच गोष्टीनं. आपण विसरलो, या गोष्टीनं. मला म्हणायचे, "तीस वर्षांत एकदा बी पातं बघितल्याबिगर स्विच मागितला नाय. त्या दिवशी कसा काय मागितला?" मग स्वतःच म्हणायचे, "डोकं गेलंय. दुसरं काय." आणि एकदा डोकं गेलंय असं घरानं धरलं की प्रत्येक गोष्ट त्याचीच खूण होते. चष्मा सापडला नाही, डोकं गेलंय. दुकानात सुटे विसरले, डोकं गेलंय. आपण सगळेच विसरतो, पण आपलं कुणी मोजत नाही.

काकूंनी त्यांचं गॅसजवळ जाणं बंद केलं. मुलानं स्कूटरची चावी काढून घेतली, ते ठीकच होतं म्हणा, पण घराचीही काढून घेतली. नातीला कडेवर घेऊन खाली जायचे ते बंद झालं. एकदा माझ्यासमोर त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला, माझ्यासाठी, आणि काकू म्हणाल्या, "असू द्या, सांडाल," आणि हातातून काढून घेतला. प्रेमानंच काढून घेतला. मोठ्या बैलाला लहान पोरानं दावं धरून न्यावं तसे उस्ताद जाऊन खुर्चीवर बसले. मी तिथं होतो. मला माहीत होतं. मी पाणी प्यालो.

चौदाव्या महिन्यात गेलो तेव्हा उस्ताद झोपलेले होते. काकूंनी मला बाहेरच बसवलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सोमवारी डोक्याच्या डॉक्टरकडं न्यायचंय. विसरायचा रोग म्हणतेत. तू येशील का संग? मुलाला सुट्टी नाय."

मग त्यांनी उशाखालची एक वही आणून दाखवली. शाळेची, शंभर पानी. उस्तादांनी डाव्या हातानं लिहिलेलं, पहिलीतल्या पोरासारखं मोठं आणि वाकडं. रोजचं एक पान. नळ बंद. चष्मा टेबलावर. दुपारची गोळी. नातीला हाक मारायची तर नाव आधी मनात. प्रत्येक पानावर वेगळं. फक्त पहिली ओळ प्रत्येक पानावर तीच होती. पातं खाली घे.

"हे काय लिवतेत ते मला कळत नाय," काकू म्हणाल्या. "तुमच्या कामातलं असंल काहीतरी."

मी म्हणालो, "हो, कामातलं आहे." आणि उठलो.

तरीही त्या दिवशी मी त्यांना सांगितलं नाही. आधी चौकशीच्या साहेबांना फोन केला. कागदावरच्या माणसाला सांगणं मला सोपं वाटलं. सगळं सांगितलं, टिपका, फडकं, साडेनऊ, अकरा. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे तुम्ही पुस्तकाप्रमाणे बसवला."

"हो सर."

"आणि आधीचा पुस्तकाप्रमाणे नव्हता."

"हो सर."

"मग तुम्ही कबूल नक्की काय करताय?"

मी पुन्हा टिपक्यापासून सांगायला लागलो. ते म्हणाले, फाइल बंद झालीय, काळजी करू नका, असं मनाला लावून घेऊ नये. चांगला माणूस होता. फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदा स्पष्ट कळलं की माझा गुन्हा लिहून घ्यायला कुठंच जागा नाही. तो एकाच माणसाला सांगण्यासारखा होता, आणि त्या माणसाला सोमवारी डोक्याच्या डॉक्टरकडं नेणार होते.

रविवारी सकाळी गेलो. केळी नेली नाहीत. उस्ताद खुर्चीवर बसलेले, काकू समोर लसूण सोलत होत्या. मी चप्पल काढली आणि उभ्यानंच बोललो, कारण बसलो असतो तर पुन्हा चहा झाला असता.

"उस्ताद, तुम्ही विसरला नव्हता. पातं खाली नव्हतंच. तुम्ही लग्नाला गेला तेव्हा मी पंखा अकरावर बसवला. टिपका पुसला मी. तुम्हाला सांगितलं नाही."

उस्तादांनी माझ्याकडं बघितलं.

"कशानं पुसला?"

"थिनरनं."

"अन् कॉम्प्रेशन कुठं येत होतं?"

"अकरावर."

"बराबर अकरावर? मधी कुठं सोडलं नव्हतंस तू?"

"नाही उस्ताद. बरोबर कॉम्प्रेशनवर सोडलं होतं. ते तिथंच येत होतं."

त्यांनी डोळे मिटले. इंजिन ऐकताना मिटायचे तसे. डावा हात गुडघ्यावरून उचलला आणि हवेत साडेनऊला धरला, मग हळूहळू वर नेला, अकरापर्यंत. तिथं थोडा वेळ धरून ठेवला. मी शिव्यांची वाट बघत होतो. चपलेची वाट बघत होतो. उस्तादांनी डोळे उघडले तर ते भरलेले होते, आणि ते हसत होते.

"मंजे मी बराबर होतो," ते म्हणाले. "अगं, ऐकलं का? मी बराबर होतो. हात बराबर जागी गेलता. पंखाच तिथं नव्हता."

"उस्ताद, माझ्यामुळं..."

"ते राहू दे रं. ते राहू दे." त्यांनी मला दंडाला धरून हलवलं. "तू पुन्हा सांग. हिला सांग. थिनरनं पुसला, हे सांग." मी पुन्हा सांगितलं. त्यांनी तिसऱ्यांदा सांगायला लावलं. मग एकदम उठले, कुणाचा आधार न घेता, आणि मुलाला फोन करायला आतल्या खोलीत गेले. आतून त्यांचा मोठा, खणखणीत आवाज येत होता. चौदा महिन्यांत मी तो ऐकला नव्हता. "अरं, सोमवारचं रद्द कर. डॉक्टर बिक्टर काय नको. मी विसरलोच नव्हतो."

मी दारात उभा होतो. मला माफ केलं होतं की माफ करण्याएवढंही त्यांनी मला लक्षात घेतलं नव्हतं, ते मला कळेना. एवढीशी गोष्ट होती. एवढ्या दिवसांत कुठल्याही खेपेला, चहा पिता पिता देता आली असती.

काकू अजून खालीच बसल्या होत्या. हातातली लसणाची पाकळी तशीच धरलेली. माझ्याकडं न बघता बोलल्या.

"हात गेला ते मी कवाच गिळलं. हाताचं मी तुला काय म्हणत नाय. पर सवा वरीस मी ह्यांना येडं समजून वागवलं. पोरांदेखत, सुनेदेखत. हातातला तांब्या काढून घेतला. नात रडली तरी उचलू दिली नाय. मंग ते तोंड वळवून बसायचे आणि मी म्हणायचे, बघा, कळत बी नाय आता." त्यांनी पाकळी खाली ठेवली. "त्यांना कळत होतं. ते तू मला करायला लावलंस. माझ्या हातानं."

आत उस्ताद दुसरा नंबर लावत होते.